तळमजला, ऊन आणि दारावरचा भाजीवाला

कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय पनू,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहिलंस की तू हे पत्र न फोडता फेकून देणार, याची मला खात्री आहे. म्हणून पत्ता मी इथल्या एका मुलीकडून लिहून घेतला. लातूरची आहे, यूपीएससीची तयारी करते, इथल्या अतिथिगृहाच्या कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून पिठलं-भात खात होती. अक्षर मोत्यासारखं आहे. फसली असशील तर तिच्यावर रागावू नकोस. माझा फोन तू नऊ वर्षांपूर्वी ब्लॉक केलास, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

तुझा फरीदाबादचा पत्ता मावशीच्या वृंदाने दिला. ती तुझ्याशी दर महिन्याला बोलते, हे मला आत्ता दसऱ्याला कळलं. बाई भलतीच पोटात ठेवणारी निघाली.

मुद्द्याचं सांगतो. मी दिल्लीला परत येतोय, कायमचा. जुलैमध्ये रिटायर झालो. अथर्व बंगलोरला शिकतो, सुमित्रा आणि मी वेगळे राहतो हे तुझ्या कानावर आलंच असेल. आईही माझ्याबरोबर येणार आहे. खरं तर विषय तिनेच काढला. गणपतीत, हातात आरतीचं तबक असताना म्हणाली, "यतीन, मला दिल्लीला घेऊन चल. इथे आता पुरे झालं." मी म्हटलं, "आई, अठरा वर्षं झाली पुण्याला येऊन." तर म्हणे, "म्हणूनच म्हणते, पुरे झालं." सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईशी काय वाद घालणार?

तिच्या अटी मी कागदावर लिहून आणल्यात. एक, तळमजला, कारण गुडघे जिना चढू देत नाहीत. दोन, थंडीत दुपारी ऊन आलं पाहिजे, खुर्ची टाकून मटार सोलत बसता येईल इतकं. तीन, भाजीवाला दारावर आला पाहिजे आणि तो हिंदीत भांडणारा हवा. पुण्यात भाजी फोनवरून मागवतात आणि ती मुकी येते, असं तिचं म्हणणं. चार, शेजारीण अशी हवी की बेल न वाजवता आत येईल. ही चौथी अट कुठल्या ब्रोकरला सांगू, ते तूच सांग. पाचवी अट माझी, की भाडं परवडलं पाहिजे.

त्या लातूरच्या मुलीने विचारलं, "काका, तुमचं गाव कुठलं?" मी म्हटलं, "दिल्ली." ती हसली. "तसं नाही, मूळ गाव?" म्हटलं, "आर. के. पुरम." आता ती जोरात हसली. आर. के. पुरम हे कुणाचं गाव असू शकतं, हे तिला पटेना. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्यांचा हाच घोळ आहे. जन्म तिथे, शाळा तिथे, बाबांची अख्खी नोकरी तिथे, आणि नोकरी संपली की किल्ली सरकारला परत. त्यात आपण दिल्लीत कधी राहतच नव्हतो, सदान्कदा पुण्याला जायच्या तयारीत होतो. नवं कपाट घेऊ म्हटलं की बाबा म्हणायचे, "पुण्याला गेल्यावर घेऊ." पुण्याला गेल्यावरही घेतलं नाही.

फरीदाबादमध्ये भाडी कशी आहेत? तळमजले मिळतात का? तू तिथे पंधरा वर्षं आहेस, तुला माहीत असणार. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे. २००६चं मी या पत्रात काही काढत नाही. तूही काढू नकोस.

दादा


मुनीरका, नवी दिल्ली
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय पनू,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं, पण रोज संध्याकाळी घरमालकाच्या पत्रपेटीत डोकावतो.

कोपर्निकस मार्गावरची खोली ओळखीने चारच दिवस मिळाली होती. आता मुनीरकात एक खोली घेतली आहे, महिन्याच्या बोलीवर. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या बाईची कणीक मळून देता येईल. धुराने घसा बसलाय. आईला फोनवर खोकला ऐकू जाऊ नये म्हणून मी आधी गरम पाणी पिऊन घेतो आणि मग फोन लावतो.

आजवर एकोणीस घरं पाहिली. ब्रोकरचं नाव जयदीप, रोहतकचा आहे, स्कूटरवर मागे बसवून हिंडवतो. पहिल्या दिवशी त्याला आईच्या अटी वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "अंकल, ग्राउंड फ्लोर तो अब बनता ही नहीं. नीचे गाड़ी रहती है, आदमी ऊपर." खरंच आहे ते. नव्या सगळ्या इमारतींच्या तळमजल्यावर खांब आणि गाड्या. जुनी, तळमजल्याची घरं जिथे उरली आहेत तिथलं भाडं ऐकून मी स्कूटरवरून उतरतसुद्धा नाही. यमुनेपलीकडच्या सोसायट्याही पाहून आलो, ज्यांत बाबांच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी नावं घातली होती आणि बाबांनी घातलं नव्हतं. तू तेव्हा कॉलेजात होतीस आणि त्यांच्या मागे लागली होतीस, आठवतं? "बाबा, फॉर्म तरी भरा." आणि मी पुण्याहून फोनवर म्हटलं होतं, दिल्लीत पैसे कशाला अडकवता? सल्ला द्यायला मी कायम हजर असतो.

द्वारकेत एक बरं घर होतं. मालकाने विचारलं, "कौन कौन रहेगा?" म्हटलं, मी आणि आई. "और कोई नहीं? भाई साहब, माताजी को रात-बेरात कुछ हो गया तो? आप भी तो जवान नहीं हैं." सत्तावन्नाव्या वर्षी मला कुणी पहिल्यांदा तोंडावर म्हातारा म्हटलं. वर म्हणाला, "दिल्ली में अपना कोई है?" मी म्हटलं, बहीण आहे, फरीदाबादला. तो म्हणाला, "तो उनका नंबर दे दीजिए, इमर्जेंसी के लिए."

मी म्हटलं, नंतर देतो. आणि जयदीपला म्हटलं, चल, हे घर नको.

परतताना आर. के. पुरमला आपल्या सेक्टरात उतरलो. आपला ब्लॉक पाडलाय, पनू. चहूबाजूंनी पत्रे लावलेत आणि आत क्रेन आहे. मदर डेअरीचा बूथ तेवढा तिथेच आहे. मी बूथवर उभा राहून आईला फोन लावला, म्हटलं, "ओळख, कुठे आहे?" तिने मागच्या आवाजावरून ओळखलं. मग विचारलं, "आपली बाल्कनी दिसते का?" मी म्हटलं, "दिसते." अशी थाप मी सहज मारतो, तुला माहीतच आहे.

दादा


मुनीरका
८ डिसेंबर २०२४

पनू,

आज घरांबद्दल काही नाही.

परवा भसीन आंटी भेटल्या. आपल्या समोरच्या दाराच्या. इथेच, मुनीरकाच्या डीडीए फ्लॅटमध्ये मुलाकडे असतात. मी गेलो होतो त्यांच्या ओळखीने एखादा तळमजला मिळतो का ते बघायला. त्यांनी मला ओळखलं, बसवलं, चहा दिला, आणि मग म्हणाल्या, "तेरे को एक बात बोलनी थी. अठारह साल से रखी है."

त्यांनी जे सांगितलं ते तुला माहीत आहे, कारण ते तुझंच आहे. मला माहीत नव्हतं. मे महिन्यात तू शाळेच्या मुलींना घेऊन नैनितालहून परत आलीस, पाठीवर सॅक, हातात मेणबत्त्यांचा खोका आणि आईसाठी शाल. दाराला सरकारी कुलूप आणि सील. आंटी बाहेर आल्या तर तू म्हणालीस, "आंटी, ये लोग बाज़ार गए होंगे." त्या म्हणाल्या, बेटा, ट्रक आला होता, तुझे चार खोके माझ्याकडे ठेवलेत. तू म्हणालीस, "नहीं आंटी, आते होंगे." आणि जिन्यावर बसलीस. त्या दोनदा पाणी घेऊन आल्या. दिवे लागेपर्यंत तू तिथेच बसून होतीस.

आंटी म्हणाल्या, "सील देख के भी बैठी रही, यतीन. पढ़ी-लिखी लड़की."

मी चहा तसाच टाकून निघालो. तेव्हापासून पत्र लिहायला बसतोय आणि उठतोय. आज लिहून संपवणार आहे.

आई-बाबांनी तुला न सांगता दिल्ली सोडली, असं तुला अठरा वर्षं वाटत आलंय. मीच तुला तसं सांगितलं होतं, फोनवर. "त्यांनीच ठरवलं, पनू. म्हणाले, तिला आधी सांगितलं तर ती गोंधळ घालेल." ते खोटं होतं.

आणि आई-बाबांना मी काय सांगितलं, तेही ऐक. बाबा रिटायर झाल्यावर क्वार्टर आणखी काही महिने ठेवता येत होतं, तोवर तू फरीदाबादला काहीतरी बघणार होतीस, तिघांनी तिथे राहायचं असं तुमचं चाललं होतं. मी पाच दिवसांची रजा काढून आलो आणि त्यांना म्हटलं, "माझं प्रणिताशी बोलणं झालंय. ती म्हणाली, तुम्ही पुण्याला जा. तिला आता एकटीने मोकळं राहायचंय, पण तुमच्या तोंडावर बोलायला तिला जमत नाही. ती सहलीला गेली आहे तेवढ्यात आवरून घ्या, म्हणजे तिलाही अवघड जाणार नाही."

बाबांनी मला तीनदा विचारलं, "पनू असं म्हणाली?" तिन्ही वेळा मी हो म्हणालो. आई आत जाऊन डबे रिकामे करायला लागली. तुझा फोन डोंगरात लागत नव्हता. तो लागणार नाही हे मला माहीत होतं. ती तारीख मी तुझी सहल बघूनच निवडली होती.

का केलं, तेही सांगतो. अथर्व आठ महिन्यांचा होता. सुमित्राची रजा संपत आली होती, पाळणाघरात त्याला दोनदा ताप आला होता. आई-बाबांची सोय करतोय असं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही. खरं म्हणजे मला पोर सांभाळायला माणूस हवं होतं, ते मी दिल्लीहून ट्रकबरोबर नेलं.

माझ्या मनात होतं की एकदा ते तिकडे रुळले की तूही येशील, नोकरी पुण्यात मिळेल, आणि मग कोण काय म्हणालं होतं हे कुणी विचारणार नाही. तू आली नाहीस. पण विचारलंही कुणी नाही. तू मानी, आई तुझ्यापेक्षा मानी. दिवाळीला आणि वाढदिवसाला तुम्ही दोघी फोनवर दोन मिनिटं हवापाण्याचं बोलता आणि फोन ठेवता, ते मी अठरा वर्षं पलीकडच्या खोलीतून ऐकलंय. दर वेळी वाटायचं, आज एखादी विचारेल आणि माझं बिंग फुटेल. विचारलं नाही की मला हायसं वाटायचं, पनू. हायसं.

बाबा गेले तेव्हा तू आलीस, स्वारगेटच्या लॉजवर उतरलीस. आई तुझ्यासाठी चहा घेऊन आली. तू म्हणालीस, "नको." आईला वाटलं, हिला आपल्या घरचा चहासुद्धा नको झालाय. तुला वाटलं, हिने मला टाकलं आणि आता चहा विचारते. दोघींच्या मधोमध मी बिस्किटांची बशी घेऊन उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. ते करायचं सोडून मी तेराव्याला तुझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं आणि तू न वाचता सही केलीस. त्यानंतर तू माझा फोन ब्लॉक केलास. मी तुझ्या जागी असतो तर त्याच्या कितीतरी आधी केला असता.

बाबा हॉस्पिटलमध्ये रोज विचारायचे, "पनूचा फोन आला होता का?" बाबांना हे कधीच कळणार नाही. त्याचं काय करायचं, ते मला कळत नाही.

आणखी एक. तुझी रजई. निळ्या फुलांची, आईने तुझ्या दहावीच्या वर्षी रुई पिंजून भरून घेतलेली. मी घाईत पेटी भरताना ती आई-बाबांच्या रजयांत गेली. मुद्दाम नाही नेली. एवढं एकच त्या पाच दिवसांत मी मुद्दाम केलं नव्हतं. आई दर ऑक्टोबरात तिन्ही रजया सोसायटीच्या गच्चीवर उन्हात घालते. पुण्यात रजई कोण घेतं? लोक हसतात. ती म्हणते, "असू दे, मुलीची आहे."

माफ कर असं लिहीत नाही. तेवढी लाज शिल्लक आहे.

यतीन


मुनीरका
२९ डिसेंबर २०२४

पनू,

घर मिळालं. तेही फरीदाबादला, बाटा चौकाच्या मेट्रोपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. जुना तळमजला, पुढे बागेचा तुकडा, त्यात एक पेरू. सकाळी दहा ते दुपारी दोन अंगणात ऊन असतं. मी दोन दिवस घड्याळ घेऊन उभा राहून पाहिलं. जयदीप म्हणाला, "अंकल, आप मकान देख रहे हो या धूप?" भाजीवाला येतो. त्याच्याशी मी कोबीवरून भांडूनही पाहिलं, चांगला तयारीचा आहे. शेजारच्या सरदारणीने पहिल्याच दिवशी दार ढकलून आत येऊन विचारलं, "कितने जने हो?" चारही अटी पूर्ण झाल्या. भाडंसुद्धा कसंबसं बसतं. चौतीस घरांनंतर.

आईला हे सांगायला फोन केला. पण घराचं सांगायच्या आधी, जे तुला लिहिलं होतं ते सगळं तिला सांगितलं. समोर बसून सांगायला हवं होतं, तेवढं धाडस झालं नाही. वृंदा सध्या तिच्या सोबतीला येऊन राहिली आहे, तिला म्हटलं, जवळ बस.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती राहिली कुठे मग?"

"बायकांच्या हॉस्टेलवर, आई."

"पांघरायला काय होतं तिच्याकडे?"

"आई, मे महिना होता."

"आणि डिसेंबरात?"

तिने फोन ठेवला. त्याला आज नऊ दिवस झाले. मी फोन केला की वृंदा उचलते, म्हणते, "मावशी पूजेला बसली आहे." दिवसातून चार वेळा पूजा चालते वाटतं. "आई झोपली आहे" असं मीही तुला दोनदा सांगितलं होतं, २००६च्या जूनमध्ये. आता या टोकाला उभं राहून ते ऐकतोय.

वृंदा एवढंच म्हणाली की आईने रजया काढून बांधायला घेतल्या आहेत. म्हणजे ती येणार. घर झाडून घेतलं, पेरूखाली तिची खुर्ची ठेवली. आईला हे घर आवडेल, पनू. तिला आवडलं तर तू कधीतरी येशील, मी घरात नसेन अशा वेळी. मी सांगशील तितका वेळ बाहेर जाऊन बसेन.

यतीन


फरीदाबाद
२७ जानेवारी २०२५

पनू,

तू आईला फोन केला होतास, तीन जानेवारीला, आणि दोघी अडीच तास बोललात, हे मला वृंदाकडून समजलं. काय बोललात ते तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मला फक्त गाडीची तारीख कळवण्यात आली. मी मनात आईला पेरूखालच्या खुर्चीत बसवूनही टाकलं होतं.

निजामुद्दीनला आपण दोघं पोचलो आणि धुक्यामुळे गाडी पाच तास उशिरा होती. पाच तास एकाच प्लॅटफॉर्मवर, चार बाकांच्या अंतरावर. तुझे केस पांढरे झालेत. मफलर गुंडाळायची पद्धत अगदी बाबांची आहे. तू चहावाल्याकडे गेलीस, माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि एकच चहा घेतलास. बरोबर केलंस.

गाडी आली. वृंदाने आईला उतरवलं. मी पुढे झालो, आई माझ्या बाजूने निघून तुझ्याकडे गेली. तुम्ही दोघी काही बोललात का ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. तिने तुझ्या दोन्ही बाह्या पकडल्या होत्या आणि सोडत नव्हती, एवढं दिसलं. मी हमाल न करता रजईचं गाठोडं उचललं. मला वाटत होतं की आता आई माझ्या टॅक्सीत बसणार. आई म्हणाली, "पनूकडे जायचंय." मी म्हटलं, "आई, तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही." तिने ऐकलंच नाही.

पनू, तुझा जिना मी मोजला. एकावन्न पायऱ्या. पुण्यात ती चार पायऱ्यांसाठी माझा हात मागायची. इथे ती प्रत्येक वळणावर थांबली, तुझ्या खांद्याला धरून श्वास घेतला आणि पुन्हा चढली, आणि मी मागून गाठोडं घेऊन चढत होतो. तुझ्या घराचं तोंड उत्तरेला आहे, ऊन येत नाही. भाजीवाला खाली उभा राहून ओरडला तरी वर ऐकू जाणार नाही. जिन्यात दोन दारं बंदच होती. तिच्या अटींपैकी एकही तिथे नाही, आणि मी चौतीस घरं पाहिली.

दाराशी तू म्हणालीस, "ठेव तिथे." नऊ वर्षांत माझ्याशी बोललेले हे दोन शब्द. मी ठेवलं. आईने वळून पाहिलं आणि म्हणाली, "जा आता तू. वेळेवर जेवत जा." मग दार लागलं.

माझ्या घरात आता ऊन आहे, पेरू आहे, खुर्ची आहे. सरदारीण रोज दार ढकलून येते आणि विचारते, "माताजी नहीं आईं?"

काल सव्वीस जानेवारी, सुट्टीचा दिवस. भाजीवाल्याकडून मटार घेतले, अंगणात बसून सोलले, डबा भरला आणि तुझ्याकडे आलो. बेल एकदाच वाजवली. आत टीव्हीवर परेड चालू होती. आई सांगत होती की बाबांनी एकदा पास आणले होते आणि यतीनने उंट बघून रडून गोंधळ घातला होता, आणि तू हसत होतीस. तुझं हसणं मला ओळखू आलं. बेलनंतर दोघींचा आवाज थांबला. मग टीव्हीचा आवाज थोडा मोठा झाला.

मी डबा दाराशी ठेवला. खाली जायला पाय निघेनात, म्हणून जिन्यावर बसलो. किती वेळ ते सांगत नाही. समोरच्या दारातून एक बाई बाहेर आल्या, मला पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, "किससे मिलना है? घर पे कोई नहीं है क्या?"

आतून परेडचा बँड चांगला ऐकू येत होता. त्यांनाही येत असणार.

मी म्हटलं, "नहीं जी. बाज़ार गए होंगे. आते होंगे."

यतीन